काका ओढ्यात का पडले

बाबांची जंगलाची गोष्ट आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना चहाच्याही आधी मिळते. तरुणपणी बाबा आणि काका, दोघे भाऊ, घाटीगावच्या पुढच्या जंगलात धबधबा बघायला गेले. परतताना बाबांनी जवळची म्हणून जी वाट धरली ती भलतीकडेच गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हे दोघे एका गुराख्याला सापडले. गोष्ट एवढीच. पण बाबा ती अशी काही रंगवतात की विचारू नका. त्यात बाबा ताऱ्यांवरून दिशा काढतात, बाबा बिबट्याची चाहूल घेतात, आणि काका ओढ्यात पडतात. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा पडताना काका "दादा, मासा" म्हणून ओरडतात, तिथे ऐकणारे हसून लोळतात.

मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. काका माझे लाडके. ते बिचारे सगळ्यांबरोबर हसायचे आणि मी आत भांडी आपटायचे. तुम्हाला यात काय वाटतं, हे त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

ती संधी माझ्या मुलीच्या शाळेने आणून दिली. इंग्रजीच्या पुस्तकात बर्फात एकट्या अडकलेल्या माणसाचा धडा होता. त्यावरून मॅडमनी काम दिलं, की ओळखीतली अशीच एखादी जीव वाचल्याची गोष्ट घ्या, तिची थीम, व्ह्यूपॉइंट आणि टोन लिहा, आणि मग तीच गोष्ट दुसऱ्या पात्राच्या नजरेतून सांगा. मुलीने पहिला भाग चुटकीसरशी उरकला. थीम, मोठ्या भावाची हिंमत. व्ह्यूपॉइंट, आजोबांचा. टोन, कॉमेडी. कॉमेडी कोणाच्या जिवावर तेही लिही, असं मी सुचवलं, तर म्हणे, आई, उतनी जगह नहीं है.

दुसऱ्या भागासाठी मी स्वतःच काकांना फोन केला. रविवारी सकाळी ते नया बाजारातून गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, बांधून घेऊन खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आले. खरं सांगते, मला गंमत बघायची होती. आज बाबांचं विमान जमिनीवर येणार, या आनंदात मी सगळ्यांना भाजी वाढली. बाबांनाही कुणकुण लागली असावी. ते पेपर उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हते.

काकांनी सुरुवात केली आणि माझा विरस झाला. तीच गोष्ट, तेच तारे, तोच बिबट्या. उलट स्वतःची फजिती त्यांनी आणखी वाढवली. वाळक्या काटकीला साप समजून आपण कसे पळालो, हे तर आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि खुशीत मधेमधे भर घालू लागले.

मुलीने पेन खाली ठेवलं.

"छोटे आजोबा, ये तो सेम हो गया. तुम्हाला काय वाटत होतं ते सांगा ना. सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?"

काकांनी जरा विचार केला. रात्री नव्हती वाटली, ते म्हणाले. दादा बरोबर होता आणि सारखा बोलत होता, घरी गेल्यावर काय थाप मारायची ते सुद्धा त्याने ठरवून टाकलं होतं. उजाडल्यावर ओढा लागला, तेव्हा दादाने ओळखलं की हा कालचाच ओढा. रात्रभर चालून दोघे होते तिथेच आले होते. हा भाग बाबांच्या गोष्टीत कधीच नव्हता. दादा एका दगडावर बसला आणि त्याचं बोलणंच बंद झालं.

"मी हाका मारल्या, हलवलं, पण दादा एकदम चुप. मग पाणी आणायला गेलो, तर पाय फिसलला आणि पडलो. दादा हसला." काकांनी बेडईचा तुकडा मोडला. "म्हणून मी अजून पडलो."

ज्या हसण्यावर मी इतकी वर्षं भांडी आपटली, ते काकांनी थंडीत भिजून मिळवलेलं होतं.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"दुसऱ्यांदा मुद्दाम पडलास?"

"तिसऱ्यांदा पण."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू इतकी चांगली सांगतोस," काका म्हणाले.

बाबांचा आवाजच गेला. त्यांनी एकदा गप्प बसावं अशी माझी केवढी इच्छा होती, आणि आता ते गप्प बसले तर मला ते बघवेना. काकांनी ताट सरकवलं आणि बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा, चुप नको ना बसू. मला अजून भीती वाटते."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"गाढवा, दगड केवढे होते तिथे," ते म्हणाले. "डोकं फुटलं असतं तर आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

आणि मग ते थांबेचनात. अक्कल, शेवाळं, ताप, न्यूमोनिया, सगळं काढून त्यांनी काकांना धारेवर धरलं. काका मन लावून बोलणी खात होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.