हळदीच्या गाण्यातला आवाज

पूनमचं गायिकेचं करिअर एका दुपारी सुरू झालं आणि त्याच दुपारी आटोपलंही. ते आटोपलंय हे कळायला मात्र तिला बरीच वर्षं लागली.

लग्नाआधीची गोष्ट. काळेवाडीत निरंजन नावाचा पोरगा डीजेची गाणी बनवायचा. स्वीडनच्या डान्स-पॉपचं त्याला भलतं वेड. तिकडच्या एका गायिकेचं गाणं ऐकवून म्हणाला, "अशी धार पाहिजे बघ." पूनमने त्याच्या खोलीत, गाद्या टेकवलेल्या भिंतीसमोर उभं राहून हळदीचं गाणं म्हटलं. धार होतीच. गाणं असं चाललं की त्याच्याशिवाय हळद लागेना. व्हिडिओत मात्र नाचली करिष्मा नावाची दुसरीच पोरगी, कारण ती गोरी. गायिका म्हणून नावही तिचंच लागलं. "पुढच्या गाण्याला तुझं टाकू," निरंजन म्हणाला. पुढचं गाणं कसलं येतंय!

लग्नानंतर पूनम चाकणला एका प्रेस शॉपमध्ये लागली. पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या धडधडाटात शेजारणीशीही ओरडूनच बोलावं लागतं. ती वर्षानुवर्षं ओरडत राहिली. घरी ते गाणं लागलं की म्हणायची, "हा माझा आवाज आहे." नवरा समाधान हसायचा. "हो ना, आणि व्हिडिओतला हिरो मी!" त्याने एकदा तरी खरं मानावं, एवढंच तिला हवं होतं.

धाकटा दीर शेखर याच्या हळदीत ऐन नाचात तेच गाणं बंद पडलं. डीजेवाला वायरी उपसत बसला, पोरं बोंबलू लागली. पूनमने सरळ माइक उचलला. समाधान बघतच राहिला. आता कळेल याला, असं मनात म्हणत तिने पहिली ओळ उचलली.

आवाज घोगरा निघाला. वरच्या सुराला तर पार फाटला.

"वहिनी, बसा आता! ओरिजनल लाव रे!" कुणीतरी ओरडलं, मांडव हसला. तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि तिचाच कोवळा, धारदार आवाज मांडवभर घुमला. सगळे पुन्हा नाचायला लागले.

समाधानने हळूच तिच्या हातातून माइक घेतला. आज तो हसला नाही, तेच तिला जास्त लागलं.

"जाऊ दे गं. तिच्यासारखं सगळ्यांना थोडंच जमतं?"

"अहो, ती मीच आहे!" पूनम त्या दणदणाटात, कंपनीत ओरडते तशी ओरडली. तो घोगरा आवाज तिच्या कानावर पडला, आणि पहिल्यांदाच तिला स्वतःलाही ते खरं वाटलं नाही.