बिननावाचं वर्ष

सकाळपासून खालच्या मजल्यावरून हरभऱ्याच्या घुगऱ्यांचा वास येतो आहे. हरभरे शिजत आले की वाफेला जो गोडूस, मातकट वास सुटतो, तो मी झोपेतही ओळखीन. खाली आज बारसं आहे. त्या घरची थोरली सून काल बोलवायला आली होती. पोर गुणी आहे, पण काल जिना चढून आल्यावर उगाच पदराशी खेळत राहिली. म्हणाली, "आजी, आशीर्वादाला नक्की या. पाळणा अकरापर्यंत होईल, त्यानंतर आलात तरी चालेल." मी हो म्हटलं. सासूने तिला काय पढवून पाठवलं होतं, हे न कळायला मी दूधखुळी नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईने पाळण्याच्या दोरीला हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ. लातूरच्या या घरात राहून मला तीस वर्षं झाली, या जिन्यावरच्या किती बाळंतिणींना मी खीर करून पाठवली, पण ते असो. मला राग आला. आणि त्या रागाचा हात धरून नांदेडचं आमचं भाड्याचं घर आठवलं, निजामाच्या अमलाची शेवटची वर्षं आठवली, आणि त्यातलं एक वर्ष, ज्या वर्षी आमच्या घरात एक मूल बिननावाचं वाढलं.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील तहसील कचेरीत कारकून. सकाळी शेरवानी चढवून जायचे, दिवसभर उर्दूत दुनियेची नावं लिहायचे आणि संध्याकाळी शेरवानी खुंटीला लावली की पुन्हा आमचे व्हायचे. स्वभाव इतका मऊ, की लातूरला राहणाऱ्या थोरल्या काकांसमोर त्यांची मान कधी वर झालेली मी पाहिली नव्हती. घरात आम्ही तिघं आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. चाकूरला दिली होती. एकोणिसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन परत आली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावली. तिचे केस राखू दिले हेच पुष्कळ, असं थोरले काका म्हणत. हळदीकुंकवाला बायका आल्या की ती न सांगता आत जाऊन बसायची. कुणी घालवत नसे, म्हणून कुणाला त्यात काही वाईट केल्यासारखंही वाटत नसे.

श्रावण सरत आला होता, गोदावरी दोन्ही काठ भरून चालली होती, आणि आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. दाई पलीकडच्या काठाला अडकलेली, पाण्यात होडी घालायला कुणी तयार नाही. शेवटी आत्याने पदर खोचला. बहीण जन्मली ती आत्याच्या हातांवर. जन्मली, पण रडेना. दाराच्या फटीतून मी पाहिलं ते एवढंच, की आत्या त्या निळसर जिवाला उलटं धरून त्याची पाठ चोळते आहे, थोपटते आहे, पुन्हा चोळते आहे. मग एकदाचा टाहो फुटला, आणि आई आणि आत्या दोघीही त्या पोरीबरोबर रडल्या.

बाराव्या दिवशी लातूरहून काका-काकू आले. पाळणा बांधला, वरवंटा न्हाऊ घालून झाला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती कानाशी कुर्र करते, आणि भोवतीच्या बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपल्याकडची जुनी गंमत. आईने विचारलं, वन्सं कुठे आहेत? वन्सं स्वयंपाकघरात घुगऱ्यांपाशी होत्या. काका बाहेरच्या खोलीतूनच म्हणाले की शुभकार्यात हे बरं दिसत नाही, नाव काकू सांगेल. बाळंतपणाने पिवळी पडलेली माझी आई, जी दिरासमोर डोक्यावरचा पदर सरकू देत नसे, ती बाळाला उराशी धरून उठली. "ज्या हातावर हे लेकरू पहिल्यांदा रडलं, त्याच बाईच्या तोंडून त्याचं नाव निघंल. न्हाई तर नाव नको." आणि ती आत निघून गेली. जमलेल्या बायका घुगऱ्या न घेताच पांगल्या. पुढचे तीन दिवस आम्ही घुगऱ्याच खात होतो.

लोकांना वाटलं, बाळंतिणीचं डोकं तापलंय, आठ दिवसांत निवेल. वर्ष झालं तरी ते निवलं नाही. बहीण पालथी पडली, बिननावाची. संक्रांतीला बोरनहाण झालं, बिननावाचं. मामाने उष्टावण केलं आणि घास भरवताना हाक काय मारावी म्हणून तोच गोंधळला. देवी टोचणारा सरकारी माणूस आला, त्याने वही उघडून नाव विचारलं. आई म्हणाली, ठेवायचंय अजून. त्याने खांदे उडवून लिहिलं, 'दुख्तर'. वडिलांनी मला अर्थ सांगितला, मुलगी. मला तो शब्द इतका आवडला की चोरून मी तिला त्याच नावाने हाक मारायची. आळीतल्या बायका पाणी भरताना म्हणायच्या, नावच न्हाई तर सटवीनं कपाळावर लिहावं तरी काय? आई कळशी कमरेवर घेऊन त्यांच्यातून सरळ निघून यायची. कुणाच्या तोंडाला हात लावणार, एवढंच म्हणायची.

दिवाळीनंतर काकांचं पत्र आलं होतं. बारसं रीतसर करा, नाहीतर मी येऊन बहिणीला चाकूरला तिच्या सासरी पोचवतो. चाकूरला म्हणजे कुठे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या घरात तिला 'आमच्या पोराला खाल्लं' म्हणत, त्या घरात, मरेपर्यंत शेणगोठा करायला. वडिलांनी दोन दिवस ते पत्र शेरवानीच्या खिशात वागवलं. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आले, शेरवानी न काढताच बसले आणि मराठीत एका ओळीचं पत्र लिहिलं, की बहीण इथेच राहील. ते स्वतः जाऊन टपालात टाकून आले. आईने चहा पुढे ठेवला. उत्तर आलं नाही, आणि काका केव्हाही दारात उभे राहतील ही धास्ती घरात वस्तीला आली.

चैत्रात पोरीला गोवर निघाला. आता आळीला विधवेच्या पायगुणाचा पुरावाच मिळाला. सगळ्यात वाईट म्हणजे तो आत्यालाही पटला. ती बाळाच्या खोलीत पाऊल टाकीना. पोर तापाने फणफणलेली, आणि पाणी आत्याने पाजल्याखेरीज नीट घेईना. तिसऱ्या दिवशी आत्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "वैनी, लई झालं. माझ्यापायी लेकराला कशाला बिननावाचं ठेवून राहिल्या? मला चाकूरला धाडा अन् बारसं उरका."

आई उठली, तापलेलं मूल तिच्या ओटीत ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्यावर उपकार करून राहिले का मी? तुम्ही गेल्यावर हिला आत्या कुठून आणू?"

गोवर उतरला. आत्याच्या हाताने उतरला, असं आई कधीच म्हणाली नाही. मोठेपणी मी तिला विचारलं होतं, पोर हाती लागली नसती तर? ती म्हणाली, तरी त्यात वन्संचा दोष नव्हता. एवढं बोलायला छाती लागते. माझ्यात ती आहे का, हे मी अजून तपासते आहे.

वर्ष भरलं त्या दिवशी आईने पुन्हा पाळणा बांधला. आळीभर बोलावणं केलं, आल्या तिघी. दाई, शेजारच्या शीख सरदारांच्या घरची मावशी आणि एक म्हातारी, जिला ऐकू येत नसल्यामुळे वाद ठाऊक नव्हता. वडील कचेरीत गेले नाहीत, दारात उभे राहिले, काका आले तर आधी त्यांना ओलांडावं लागेल असे. पोर पाळण्यात निजायला तयार नाही, कठडा धरून उभीच. आत्या वाकली, तिच्या कानाशी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मग ती तशीच वाकलेली राहिली, आणि खोलीत कुणाचाही हात उठेना. विधवेच्या पाठीत गमतीचा धपाटा घालायची रीतच कुणाला ठाऊक नव्हती. आई पुढे झाली आणि तिने एक सणसणीत धपाटा घातला.

आत्या हलली नाही. मान खाली घालूनच म्हणाली, "वैनी, अजून एक."

मग दाईने घातला, मावशीने घातला, म्हातारीने घातला, मी दोन घातले. आत्या रडत होती आणि हसत होती. चाकूरहून आल्यापासून तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता, हे मला फार पुढे, माझी स्वतःची पाठ तशी एकटी पडल्यावर उमगलं.

काका आले नाहीत. पुढे राज्य गेलं, शेरवानी ट्रंकेत गेली, आत्या आमच्याच घरात म्हातारी झाली आणि आळीतल्या पुष्कळ पोरींची नावं तिने त्यांच्या कानात सांगितली. बहीण आता ऐंशीला टेकली आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते मिळवायला वर्ष लागलं होतं, असं फुकट कशाला सांगू? काळ बदलला, असं लोक म्हणतात. मला तर दिसतं ते असं, की काळ जिथल्या तिथे बसून असतो, आणि कुणीतरी बाई उठते तेव्हा तेवढा हलतो. ती गेली की तो पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो, घुगऱ्यांचा वास तोच आणि उंबराही तोच.

सव्वादहा झालेत. हिरवी इरकल नेसून झाली, काठी दाराशी आहे. खाली मी पाळण्याजवळच्या खुर्चीवर बसणार आहे. त्या बाळाची आत्या कोवळी पोर आहे, कालच जिन्यात भेटली. कुर्र करून ती वाकली, की पहिला धपाटा माझा.