कुऱ्हाड वाजवणारा बुटका

आमच्या घरात कॉम्प्युटर समजणारी मी एकटीच, आणि मलाही फार समजतं असं नाही. मेहकरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डोणगावहून एसटीने जाते-येते. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे कोणाचा मोबाईल अडकला की गल्ली आमच्या दारात येते, आणि मला बहुतेक वेळा काहीच करता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा मी एक गोष्ट केली आणि ती खरंच चालली. तिचा आनंद अजून उतरलेला नाही.

माझे बाबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. त्या पावसाळ्यात त्यांचे वरचे पुढचे दात काढावे लागले. क्लॅरनेटचं तोंड वरच्या दातांखाली दाबून धरतात, त्यामुळे दात गेले म्हणजे अर्धं वाजवणंच गेलं. कवळी तयार होऊन आली, पण बाबा ती फक्त जेवताना लावायचे. बोलताना खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरायचे. क्लॅरनेटची पेटी कपाटावर चढली ती खाली आलीच नाही.

"एकदा फुकून त पाहा," आई म्हणायची.

"पाहू," बाबा म्हणायचे, आणि पाहायचे नाहीत.

दिवाळीत त्यांनी सांगून टाकलं की तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होईल, त्याआधी क्लॅरनेट बँडमास्तरला देऊन टाकतो. "वस्तू पडून राह्यली की बिघडते," एवढंच कारण दिलं.  बाबा एकदा 'देऊन टाकतो' म्हणाले की देतातच.

मला सुट्ट्या होत्या. माझा लॅपटॉप जुना, त्यावर गेमही जुनाच चालतो. राक्षस, जंगलं, जादू असलेला. त्यात सहा जणांची टोळी घेऊन भटकायचं असतं. मी खेळत होते आणि बाबा मागे बाजेवर बसून बघत होते. दुसरं काही काम नव्हतं त्यांना.

"हे काय वं?"

"गेम हाय बाबा. आधी आपण कोण ते निवडा लागते. माणूस, लंब्या कानाचा एल्फ, बुटका. मंग काम निवडा लागते. लढणारा, जादूगार, चोर, पुजारी, गवय्या."

बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं. दाढीवाला, रुंद खांद्यांचा बुटका. "हा आपला माणूस."

"उंचीवरून वळखला का?" आई आतून ओरडली. बाबांची उंची हा आमच्या घरातला जुना विषय आहे.

बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "याले वाजवता येते का?"

गेममध्ये वाजवणं हे गवय्याचंच काम, म्हणून मी 'गवय्या'वर दाबलं. अक्षरं राखाडी झालेली होती, दाबलीच जाईनात. "नाई येत. बुटक्याले गवय्या होता येत नाई."

"काऊन?"

"तसा नियम हाय. माणसाले सगळं होता येते. बुटक्याले जादूगार अन् गवय्या होता येत नाई."

बाबांनी पुन्हा त्या दाढीवाल्यावर बोट ठेवलं. "म्हणजे जनमल्याबरोबर काम ठरलं."

"हो."

"हा गेम बाहेरदेशातला म्हणतं ना तू?"

"हो."

"मले वाटलं आपल्याइकडच्याच कोणी बसून बनवला."

आई आत इतकी हसली की तिच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "तू कॉलेजात हेच शिकतं ना? मंग बदलव."

मला सांगावंसं वाटलं की आम्हाला अजून असलं काही शिकवलेलं नाही. पण दात काढल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. "पाहते," मी म्हटलं. घरातलाच शब्द.

शोधलं तर कळलं, हा नियम मोडायचा उद्योग लोक कितीतरी वर्षांपासून करताहेत. त्याला मॉडिंग म्हणतात. मला वाटलं होतं नियम कुठेतरी खोल, कळणार नाही अशा जागी असेल. तो एका साध्या फाईलमध्ये होता. आडव्या ओळींत जमाती, उभ्या रकान्यांत कामं. चालतं तिथे एक, चालत नाही तिथे शून्य. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. बुटक्याचं गवय्या होणं एका शून्यावर अडलं होतं!

मी त्या शून्याचा एक केला. तिथेच थांबायला हवं होतं. पण प्रॅक्टिकलला आमच्याकडून तक्ते सारखे, सरळ रेषेत करून घेतात, वाकडा तक्ता चालत नाही. या फाईलमधली अंतरं वेडीवाकडी होती. मला राहवलं नाही. मी सगळा तक्ता नीटनेटका केला, मधल्या जागा काढल्या आणि गेम सुरू केला.

बुटका चोर. एल्फ चोर. माणूसही चोर. बाकी सगळी कामं राखाडी.

"सारेच चोर?" बाबा म्हणाले.

"सारेच," मी म्हटलं. 

बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग बाज करकरायला लागली. "देवळातला पुजारी पाह्य! थोही चोर! बाप्पा, अशी दुनिया हाय तर गस्त कोण घालते?" तोंडावरचा दुपट्टा घसरून मांडीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

गेम त्या वेड्यावाकड्या अंतरांवरूनच रकाने ओळखत होता. मूळ फाईल मी आधी जपून ठेवली होती, म्हणून निभावलं. ती परत टाकली, अंतरांना हात न लावता एकच शून्य बदललं, आणि 'गवय्या' हा शब्द पांढरा स्वच्छ उजळला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं विंचू निघाला.

आता खरी गंमत झाली. गेम बनवणाऱ्यांनी बुटका वाजवेल असं कधी धरलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी वाद्याचं चित्रच नव्हतं. आमचा बुटका भर जंगलात उभा राहिला, कुऱ्हाड छातीशी उभी धरली, आणि त्या कुऱ्हाडीतून तारांचा नाजूक आवाज यायला लागला.

"अवं, कुऱ्हाड वाजवून राह्यला थो!" आई तिथेच खाली बसली.

बाबांनी मात्र आता माउस स्वतःकडे घेतला होता. पहिल्यांदा काय केलं, तर बुटक्याला टोळीच्या सगळ्यांत पुढे नेलं. गाणं चालू असलं की गवय्याला लढता येत नाही. राक्षस आले आणि त्यांनी आधी त्यालाच आडवा केला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तो पुढे, पुन्हा आडवा.

"बाबा, त्याले मांगं ठेवा ना."

"बँड वरातीच्या मांगं चालते काय कधी?"

"पण त्याले वाजवताना लढता येत नाई."

"ते बरोबर हाय. वाजवणाऱ्यानं नाचू नाई." हा त्यांच्या बँडमधला नियम आहे, नवीन माणसाला आधी तोच सांगतात. मग बाबांनी दोन ढालवाले बुटक्याच्या दोन्ही अंगांना उभे केले, वरातीत दिवेवाले चालतात तसे. टोळी पावलापावलाने निघाली. राक्षस ढालींवर आदळले. बुटका वाजवत राहिला आणि त्याच्या सुराने सगळ्यांचं धैर्य वाढत गेलं. आम्ही तिघं मिळून टाळ्या वाजवत होतो. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "मॅच चालू हाय का?"

"पण हे वाजणं काही खरं नाई," बाबा जरा वेळाने म्हणाले. "पाणी गळल्यावानी वाजून राह्यलं. वरातीत हे वाजवलं त नवरदेव घोड्यावरच झोपीन."

मला माहीत होतं की गाण्याचीही एक वेगळी फाईल असते, ती काढून दुसरी ठेवता येते. बोलू की नको असं झालं. शेवटी लॅपटॉपकडे बघतच बोलले.

"बाबा, तिथं तुमचं वाजवलेलं टाकता येते."

 आई उठून आत गेली. मला वाटलं, चुकलं.

मग बाबा म्हणाले, "कोण ऐकन?"

"कोणीच नाई. बुटका अन् राक्षस."

ते कपाटाजवळ गेले. हात पुरत नव्हता, म्हणून स्टूल घेतलं. आई आतून येऊन स्टूल धरून उभी राहिली, उंचीवरून या वेळी काही बोलली नाही. पेटी उघडली, तुकडे जोडले. फुंकायच्या तोंडावरची वेताची पत्ती जिभेवर ओली केली. कवळी लावली आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. कवळी हलली आणि चिरकलेला, कोंबडी दाबल्यासारखा सूर निघाला. मी मोबाईलवर तेवढंच रेकॉर्ड केलं होतं. बाबांचा चेहरा पडायच्या आत मी ते गेममध्ये टाकून दाखवलं. बुटक्याने कुऱ्हाड छातीशी धरली, चिर्रर्र असं वाजलं, आणि टोळीचं धैर्य पहिल्याइतकंच वाढलं. आकडा तोच.

"येवढ्यावर बी वाढते?" बाबा म्हणाले.

"हो."

"दयाळू हाय गेम." ते हसले, आणि मग लगेच, "काढ ते. दुसरं घे."

दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मध्येच त्यांनी वरचा ओठ आत दुमडून कवळीच्या दातांखाली घेतला, त्यामुळे क्लॅरनेटचा भार कवळीवर न येता ओठावर आला. सूर एकदम सरळ, लांब आला. घरभर झाला. नवरदेव घोड्यावर बसताना ते वाजवतात ती सुरुवात होती. ओठ दुखतो म्हणाले, पण थांबले नाहीत. आईने भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं आणि मग मला म्हणाली, "तू रेकॉर्ड कर ना वं, माह्याकडं काय पाह्यतं!"

क्लॅरनेट बँडमास्तरकडे गेलं नाही. पेटी कपाटावरही परत गेली नाही. ती बाजेखाली असायची, आणि दुपारी ओठ टिकेल तेवढं वाजवणं चालायचं.

हंगामाचं पहिलं लग्न बीबी गावाला होतं. बाबा लाल कोट घालून, कवळी लावून निघाले. दारातून वळून मला म्हणाले, "थ्या बुटक्याले एकट्याले पुढं नेऊ नको. मी आल्यावर जाऊ."

मी नेलं नाही. गेम तिथेच थांबवून ठेवला. जंगलात ढालवाले दोन्ही अंगांना, मध्ये बुटका, कुऱ्हाड छातीशी उभी धरून.