मागून गाडी

आज सकाळी टेक्सासमधल्या शुगर लँडला आमच्या घराजवळच्या रस्त्याकडेचं गवत कापत होते. हेल्मेट चढवून सायकलवर बसले, आणि त्या ओलसर हिरव्या वासाने मला थेट फ्रान्समधल्या त्या कालव्याकाठी नेऊन सोडलं.

किती वर्षं झाली! कालव्याच्या कडेने फक्त सायकलींचा रस्ता, पलीकडे नुकतंच कापलेलं गवत, डोक्यावर उंच झाडं. गाड्यांना बंदीच होती. तरी माझ्या मागे सायकल चालवणाऱ्या ह्यांचं आपलं चालूच, "मागून गाडी! उजवीकडे घे!" टेक्सासच्या रस्त्यांवरची सवय, दुसरं काय. वाऱ्याने पानं सळसळली की ह्यांना गाडी ऐकू यायची.

"अहो, इथे गाड्या येतच नाहीत! जरा शांतपणे चालवू द्या ना," मी वैतागून म्हटलं.

जराशाने हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "गेली."

मला हसू आलं, पण चिडचिड काही गेली नाही. एवढ्या लांब यायचं ते शांततेसाठी, आणि कानाशी ही कटकट.

आता हे नाहीत. घरात बसवत नाही म्हणून मी रोज सायकल काढते. आज त्या वासात हरवले असताना एक पिकअप ट्रक इतका जवळून गेला, की हँडल थरथरलं. मी कडेला उतरले. मागे वळून पाहिलं. रस्ता पार मोकळा होता.

तरी पाय पेडलवर जाईना. "गेली" म्हणून सांगणारं मागे कोणी नव्हतं.