न वाजलेली घंटा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पेणमधल्या एका छोट्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचे. रोह्याजवळच्या धाटावमधल्या एका केमिकल कंपनीसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत केलेला आमचा प्रोग्रॅम रिअ‍ॅक्टरचं तापमान स्क्रीनवर दाखवायचा आणि ते फार चढलं की कंट्रोल रूममधली घंटा वाजवायचा. सोमवारी मी त्याची नवी आवृत्ती तिथे बसवून आले.

गुरुवारी दुपारी ऑफिसातल्या मशीनवर तीच आवृत्ती सहज चालवून पाहिली. तापमानाचा खोटा आकडा देऊन तो मर्यादेच्या वर नेला, पण घंटा वाजलीच नाही. एररही आली नाही. 

कंट्रोल रूमला फोन लावला. सकाळच्या शिफ्टचे ऑपरेटर अजून तिथेच होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, धरमतरकडचे. घंटेवर विसंबू नका, असं मी सांगितलं. ते म्हणाले,

"सकाळी आकडा चढला व्हता, ताई. घंटा नाय, म्हणून मी थांबलो. मग मनाला पटंना, थंड करायचं पाणी सोडलं."

फोन ठेवला. कंपायलरच्या सगळ्या वॉर्निंग चालू केल्या, ऑप्टिमायझेशन बंद केलं; फरक नाही. शेवटी प्रोग्रॅम चालू असताना घंटेचा क्लास, म्हणजे घंटा वाजवणारा कोडचा भाग, सापडतो का, ते छापून पाहिलं. सापडत नव्हता. आठवड्यापूर्वी नीटनेटकं दिसावं म्हणून मीच तो कोड वेगळ्या लायब्ररीत हलवला होता. त्या क्लासचं नाव फक्त सेटिंगच्या फाइलमध्ये होतं, कोडमध्ये कुठेच नाही. त्यामुळे कोडचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने तो बिनकामाचा समजून गाळला. आणि या भाषेत नसलेल्या वस्तूला हुकूम दिला, तर कोणी तक्रार करत नाही. हुकूम नुसता विरून जातो.

पूर्ण लायब्ररी घ्यायची सूचना लिंकरला दिली. घंटा वाजली.

फ्लॉपी घेऊन रोह्याची एसटी पकडली. नागोठणं गेल्यावर मी खिडकीतून धूर दिसतोय का, तेच पाहत होते. धाटावला संध्याकाळी पोचले. प्रोग्रॅम बसवला. शिफ्ट संपूनही थांबलेल्या त्या ऑपरेटरांनी सेन्सर उकळत्या पाण्यात धरला आणि घंटा वाजली. मग ते खुर्चीत बसले.

मॅनेजरना मी सगळं सांगितलं. सोमवारी वाजवून पाहिली होती का, असं त्यांनी विचारलं. नाही, असं मी सांगितलं. ते रागावले नाहीत. हजेरीचं रजिस्टर उघडून त्या सकाळी रिअ‍ॅक्टरपाशी कामावर असलेल्यांची नावं त्यांनी मला एकेक करून वाचून दाखवली.