आई समुद्रावर, बाबा साडीत

जानेवारीत रत्नागिरीला निघालो म्हटल्यावर आमच्या महाडात ज्याने त्याने एकच विचारलं: आंबे नसताना तिथे जाऊन करणार काय? माझं उत्तर तयार होतं. नाताळची गर्दी ओसरलेली असते, खोल्या निम्म्या भावात मिळतात आणि समुद्र काही निम्मा होत नाही. खरं कारण मात्र वेगळं होतं. माझ्या आईने साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता.

आई-बाबा राहतात पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. थोडं भात आणि शांती नावाची एक म्हैस. नावावर जाऊ नका. दिवाळीच्या सुमारास तिचं रेडकू गेलं, आणि तेव्हापासून ती फक्त आईच्या हाताला पान्हा सोडते. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला तर लाथ ठरलेली. बरं, दूध काढलं नाही तर कास दगड होते आणि जनावर तापतं. म्हणून आई कुठे जात नाही. त्याआधी कारणं वेगळी होती, पण होती. दोनदा घरून निघाली आणि दोन्ही वेळा महाडच्या स्टँडवरून परत फिरली.

यावर आमच्याकडे जुना उपाय आहे. म्हैस माणूस वासावरून ओळखते, तेव्हा धार काढणाऱ्याने मालकिणीची साडी गुंडाळायची. घरात उरणार होते एकटे बाबा. ते आधी हसले, मग चिडले, शेवटी म्हणाले, "न धुतलेली ठेव. आनि वाडीत कुनाला बोलू नका." तोवर मी अर्ध्या वाडीला सांगून मोकळी झाले होते.

मंगळवारी पहाटेची धार आईने काढली आणि सातला आम्ही वाडीवरून निघालो. मी, गाडी चालवायला माझा नवरा समीर, दुसरीतली मुलगी मुक्ता, आणि मांडीवर शांतीच्या दुधाची बाटली घेऊन आई. कशेडी घाटाच्या वळणांसाठी तिने लिंबू हुंगायला घेतलं होतं, पण आता बोगदा झालाय. काही मिनिटांत पलीकडे निघालो तेव्हा घाट चुकला म्हणून तिला फसवल्यासारखं वाटलं. जाणाऱ्यांसाठी सांगते: खेडपर्यंत रस्ता छान आहे, चिपळूणला नाश्ता उरकून घ्या, कारण पुढे कामं चालू आहेत आणि कुठे कुठे वळणरस्त्यांची धूळ खावी लागते. हातखंब्याला उजवीकडे वळलात की पोचलात. आम्हाला थांबत थांबत पाच तास लागले.

खोली मांडवी किनाऱ्याजवळ मिळाली, बाराशे रुपयांत, खिडकीतून समुद्र दिसणारी. मजल्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आईने खिडकीतून बराच वेळ पाहिलं. मी डोळे पाणावण्याची वाट बघत होते, तर ती म्हणाली, "एवढं पानी, आनि आमची विहीर मार्चला आटते." मग तिने बाटली वेटरच्या हातात दिली आणि या दुधाचा चहा कर म्हणून सांगितलं. त्याने मुकाट्याने केला, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दूध आहे का, असंही विचारलं.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. चार लिटर दिलं, बाबा म्हणाले. आई खूश व्हायला हवी होती, पण तिचा चेहरा उतरला. जेवायला सुरमईची थाळी होती, सोलकढी मागाल तेवढी. थाळीवर तिने अन्याय केला नाही, पण मधूनच विचारायची, साडीनं खरंच भागलं असेल का गो? ज्या म्हशीला आपल्यावाचून चालत नाही असं सांगत आलो, तिला एका दिवसात चालायला लागलं, हे काही तिला पचत नव्हतं.

बुधवारी सकाळी बाबांचा फोन: पुन्हा चार लिटर. आम्ही रत्नदुर्ग चढलो. किल्ल्यावर भगवतीच्या देवळात आम्ही आणि एक झोपलेलं कुत्रं. हिवाळ्यात ऊन सोसवतं आणि तटावरून तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो, त्यासाठी तरी याच दिवसांत या. मिरकरवाड्याच्या बंदरात मुक्ताने नाक धरलं. आईने मासळीचे भाव विचारले, घासाघीस केली आणि काहीही न घेता पुढे निघाली. मासळीवाल्या बायकांच्या शिव्या मागून येणाऱ्या समीरने ऐकल्या.

साडेपाचला आम्ही मांडवीच्या वाळूत भेळ खात होतो. गिऱ्हाईक आम्हीच. तेवढ्यात बाबांचा फोन आला, आणि या वेळी लिटरचा हिशोब नव्हता. कालपासून थेंब दिला नव्हता शांतीने. चार लिटर निव्वळ थाप. कास टणक झाली होती, चारा सोडला होता आणि बाबांच्या मांडीवर खुराचा शिक्का होता.

आई उठली. भेळेचा कागद तसाच खाली. "गाडी काढा." समीरने घड्याळ पाहिलं, मी आईकडे पाहिलं. पोचायला रात्रीचे अकरा वाजले असते. त्यापेक्षा वाईट म्हणजे, हिला आता पुन्हा घराबाहेर काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मी रडकुंडीला आले, खरंच.

तेव्हा बाबांनी विचारलं, तू धार काढताना तिला काय बोलतेस? आई म्हणाली, काय नाय, असंच. मुक्ता मे महिन्याची सगळी सुट्टी त्या गोठ्यात काढते. ती सहज बोलून गेली, "आजी शांतीला आजोबांच्या तक्रारी सांगते. रोज."

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे ते पलीकडेही पोचलं. मग बाबा घसा साफ करून म्हणाले, "बोल मग. फोन तिच्या कानाशी धरतो." आमच्या वाडीत रेंज मिळते ती नेमकी गोठ्यात, हे शांतीचं नशीब. बाबांनी फोन गव्हाणीत ठेवला आणि साडीचा पदर खोचून बसले असावेत.

आई आधी लाजली. भेळवाल्या मावशींकडे पाठ केली आणि हळूच सुरू झाली. मिठाला धाडला तर पान खाऊन येतो. पाहुन्यांना परस्पर जेवायला बसवतो, डब्यात तांदूळ हाय का नाय ते बघत नाय. ओला टावेल अंथरुनावर. आवाज वाढत गेला. मावशींनी कांदा चिरायचं थांबवलं आणि एकेका तक्रारीला मान डोलवू लागल्या. समीर अतिशय लक्षपूर्वक क्षितिज बघत होता.

"लग्नात बोलला, व्हळी झाली की समुद्र बघायला हरिहरेश्वरला नेतो," आई म्हशीला सांगत होती. "चाळीस व्हळ्या झाल्या. मी कवा इचारलं नाय, त्यानं कवा काढलं नाय. आता लेकीनं आनलं तर तू आडवी येतेस. सोड गो बाय, मला हा सूर्य बुडताना बघायचा हाय."

मग पलीकडून बादलीत चर्र चर्र असा आवाज सुरू झाला. आई थांबली की तो मंदावायचा, म्हणून ती बोलत राहिली. सूर्य बुडाला तेव्हा ती समुद्राकडे तोंड करून बाबांच्या मोठ्या भावाचा समाचार घेत होती. मला हसू येत होतं आणि रडूही. बाबा शेवटी एवढंच म्हणाले, "दिलं." या वेळी खरं होतं. मावशींनी आईला आणखी एक भेळ दिली आणि पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी सकाळची धार पण फोनवरच झाली, खोलीच्या खिडकीत बसून. दुपारपर्यंत आम्ही वाडीवर परत. आंबे नसताना तिथे काय मिळालं, असं आता कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. रिकामा किनारा मिळाला. आणि माझी आई गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली मी पाहिली.

संध्याकाळी आई बादली घेऊन गोठ्यात गेली, तर बाबा आधीच साडी गुंडाळून शांतीपाशी बसलेले. आता मी आलेय ना, उठा, आई म्हणाली.

"असू दे. माझी सवय होऊ दे तिला. मग तू कवा पन जा."

आई दारात उभीच राहिली. तिला आनंद झाला होता, पण मोठी अडचणही दिसत होती.

"आनि मी बोलू कोनाशी?"

बाबांनी मान वर केली नाही. "बोल की. मी हाय हितंच."

आईने पाट ओढला, बाबांच्या शेजारी बसली आणि सुरुवात केली. तक्रारींत पहिला नंबर माझा लागला.