एसीचा वास, आईचं तिकीट

मार्च लागला, चेन्नईचा उकाडा घरात शिरला, तसा मी आईच्या खोलीतला एसी सुरू केला. डिसेंबरच्या पावसापासून तो बंदच होता. थोड्याच वेळात असा वास सुटला म्हणता, ओलं गोणपाट आठवडाभर बादलीत कुजत ठेवावं तसा. खिडकी उघडली तर डास आत, आणि लावली तर हा वास. सकाळी मी आईला विचारलं, "कशी झोपलीस गं यात?"

"कशात?" ती म्हणाली. "छान गार होती की खोली."

आता माझ्या आईचं नाक म्हणजे काय विचारता! सोलापूरच्या घरात तिच्या नाकापुढे लबाडी करायची कुणाची टाप नव्हती. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. बाहेरून काही अरबट-चरबट खाऊन आलो की उंबऱ्यातच पकडायची. म्हणूनच मला तिचा राग आला. म्हटलं, झालं, लेकीच्या घरी आलेली बाई, तोंडातून ब्र काढणार नाही. बाबा गेल्यावर मी तिला तांबरमच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हापासून तिचं पाहुण्यासारखंच चाललं होतं. चहात साखर टाकायला विसरले तरी "मस्त झालाय". तिला ना तमिळ येत, ना कुणी बोलायला. हे अंबत्तूरला कारखान्यात, मी दिवसभर बँकेत. पण तक्रार? नाव नको.

तिला फक्त एक गोष्ट हवी होती. पाडव्याच्या आत सोलापूरला परत जायचं, स्वतःच्या दारात गुढी उभारायची आणि तिथेच राहायचं, एकटीनं. तिकीट काढून झालं होतं, बॅग तर कधीचीच भरलेली. मला ती जायला नको होती. मी सतरा कारणं पुढे करायची, बीपी आहे, जिना आहे, रात्री काही झालं तर. त्यावर तिचं एकच, "मला काय धाड भरलीय?" आणि खरंच, बोट ठेवायला जागा नव्हती. एकदा तेवढे चटणीसाठी भाजायला ठेवलेले दाणे पार कोळसा झाले आणि ही पाठ करून शांतपणे कांदा चिरत होती. पण नवरा गेलेल्या बाईचं लक्ष कुठे असणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

वासावर सगळे उपाय करून झाले. जाळी धुतली, लिंबाच्या साली ठेवल्या, कापूर जाळला. त्यानं काय झालं, तर देवळात उंदीर मेल्यासारखा वास यायला लागला. शेवटी सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं.

त्यानं पुढचं झाकण काढलं आणि मी मागे सरले. आत काळा थर साचलेला, पाणी बाहेर नेणारी नळी बुजलेली. नळीत तार घातली तसा गाळ भळकन फरशीवर आला. "नुसतं फडक्यानं नाही व्हायचं, अक्का, पंप आणतो," असं तमिळमध्ये सांगून तो पिशवी उचलून गेला. मी नाकातोंडाला ओढणी बांधली आणि फरशी पुसायला बसले. आधीचा वास परवडला, असं झालं होतं.

आई हॉलमध्ये बसली होती. मेकॅनिकला पिशवी घेऊन जाताना तिनं पाहिलं आणि ती उठून खोलीच्या दारात आली. माझी पाठ तिच्याकडे होती. तिनं छातीभर श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"अगंबाई, गेला की गं वास!" ती म्हणाली. "किती मोकळं वाटतंय बघ."

मी हातात फडकं घेऊन तशीच बसून राहिले. मग उठले, हात धुतले, स्वयंपाकघरातून हिंगाची डबी आणली.

"आई, डोळे मीट."

"हा काय खुळेपणा?"

"मीट म्हणते ना!"

डबी उघडून मी तिच्या नाकाखाली धरली. आई हुंगत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. "वेलची," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच, घाबरत, "नाही? कॉफी?"

मी डबीचं झाकण लावलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती पलंगावर बसली. "त्या कोरोनाच्या साथीत मला ताप आला होता ना, तेव्हापासून. ताप गेला, चव थोडीफार आली, वास काही परत आला नाही."

"आणि सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर एकटीला राहू दिलं असतंस? गॅस सुटला तर कळणार कसा, म्हणाली असतीस." म्हणालेच असते, तोंडावर आलंच होतं. "माझं अडत नाही गं," ती पुढे म्हणाली. "माणसांच्या तोंडाकडे बघायचं. कुणी नाक मुरडलं की समजायचं. आज तुझं तोंड दिसलं नाही, म्हणून फसले." असं म्हणून हसलीसुद्धा. तिची इतकी दया आली मला, आणि तितकाच राग.

"जा बाई," मी म्हणाले. "विजेची शेगडी घेऊ, गॅस काढूनच टाकू. पण जा तू." आणि मी ते मनापासून म्हणाले. इतकं लपवून, इतकं निभावून जिला आपल्या घरी जायचंय, तिला मी कोण अडवणार?

तिला आनंद होईल असं वाटलं होतं. पण तिनं मला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "एक विचारते. खरं सांग."

सोलापूरच्या घरी शेवटी शेवटी बाबा अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं सगळं तिनं एकटीनं केलं होतं. पाठीला जखम झाली, ती आतून चिघळली, कळेपर्यंत विष अंगात भिनलं होतं. त्यातच ते गेले.

"जखम वरून बरी दिसायची गं," आई म्हणाली. "रोज पुसत होते मी. शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला, तेव्हा मला कळलं काहीतरी आहे. तू त्याच दिवशी धावत आलीस. किती होता वास? नाक असलेल्या बाईला आधीच कळला असता, इतका होता?"

होता. जिन्यातच आला होता मला. सतत तिथेच असते, सवय झाली असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

"छे गं," मी म्हणाले. "अगदी जवळ गेल्यावर थोडासा. कुणालाच नसता कळला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ओढणी केव्हाच गळ्यात उतरली होती. मी डोळे हलू दिले नाहीत, ओठ हलू दिले नाहीत.

"तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "तिकीट रद्द कर. हे गेले त्या खोलीत मी आता एकटी नाही राहू शकत."

तिनं माझ्याजवळ राहावं, हे मलाच हवं होतं. पण असं नको होतं हो. असं नको होतं.